तारघराची फरशी

त्याला सगळे पाणसळ म्हणायचे. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की पातळी बरोबर आली समजायचं. हा फरशी बसवणारा. कुणाच्या घरी गेला की आधी खाली बघायचा, मग यजमानाच्या तोंडाकडे. बायको चारचौघांत सांगायची, "लग्नात ह्यांनी आधी हॉलची फरशी बघितली, मग मला. फरशीत खोट निघाली, मी पास झाले."

फरशीच्या कामात कष्ट वरून दिसत नाहीत, म्हणून लोक ते चोरतात. पाणसळ चोरत नसे. फरशी पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढायची नाही. खाली वाळू-सिमेंटचा माल काठोकाठ भरायचा. फरशीच्या पाठीला सिमेंटचं घट्ट पाणी चोपडायचं. मग लाकडी ठोकणीनं ठोकत ठोकत बसवायची आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. आवाज भरीव आला तर पुढची. जरा पोकळ आला तर उचलून परत भरायची. त्याचे गुडघे ह्यातच गेले.

त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच धंद्यात होता. त्याला सगळे 'चालतंय' म्हणत. दोरी हलली? चालतंय. सांधा जाड झाला? चालतंय. फरशीखाली चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे ठेवायचे, मधे एक, वरून हातानं दाबलं की झालं. बाकी सगळी जागा रिकामी. वर कुणी चाललं की टक् टक् वाजायचं. पाणसळ त्याला म्हणायचा, "तुझ्या फरशीवर चोरसुद्धा जाणार नाही. पकडला जाईल." मेव्हणा हसायचा आणि चहा मागवायचा.

पाणसळचं सगळं काम शहराच्या जुन्या भागात झालं होतं. म्हातारपणी तो भाग पाडायला निघाले. चौकात मोठा फलक लागला, 'शहराचा कायापालट'. फलकावर काचेची उंच इमारत आणि तिच्यापुढे हसणारं कुटुंब. ते कुटुंब त्या भागात कुणी कधी पाहिलं नव्हतं. आधी थिएटर गेलं. त्याच्या पायऱ्या पाणसळनं केल्या होत्या. मग औषधांचं मोठं दुकान गेलं, मग लॉज गेलं. तो रोज जाऊन भोवती ठोकलेल्या पत्र्यांच्या फटीतून बघून यायचा. माणूस जातो आणि काम मागं उरतं, असं म्हणतात. इथे माणूस मागं उरला होता आणि काम निघून चाललं होतं.

शेवटी तारघर राहिलं. दगडी इमारत, आत तारा द्यायला येणाऱ्यांचं उंच दालन, बाहेर लांब व्हरांडा. जुनी जमीन खचली तेव्हा नवी फरशी घातली होती. काळसर हिरवी आणि पांढरी, प्रत्येक फरशीच्या मधे आठ पाकळ्यांचं फूल. दालन पाणसळनं केलं, व्हरांडा मेव्हण्यानं. व्हरांडा वाजतो म्हणून दोघांचं तेव्हा कडाक्याचं भांडण झालं आणि पुढे त्यांनी एका जागी काम धरलं नाही.

पाणसळच्या मुलीनं शहराबाहेर छोटं घर बांधलं होतं. पुढच्या खोलीत अजून नुसता कोबाच होता. ती म्हणाली, "बाबा, बाजारातली ती घसरडी फरशी मला नको. तारघरातली आणा. तुमच्या हातची."

हे त्याच्याही मनात होतं, पण बोलला नव्हता. एवढी एक खोलीभर उरली तरी पुष्कळ होतं.

पाडकामाचा मुकादम म्हणाला, "मशीन येईपर्यंत काय निघेल ते न्या, आजोबा. मशीन आलं की मी तुम्हाला ओळखत नाही."

दालनाची दारं निघाली होती. छतातून उजेड खाली पडत होता. पाणसळनं तळव्यानं धूळ पुसली, तसं फूल वर आलं. कुठं तडा नाही, कुठं चढउतार नाही. तो भिंतीच्या कडेला बसला, सांधा खरवडला, छिन्नी लावून हळूच ठोका दिला. फरशी आडवी तडकली. दुसरीचा कोपरा उडाला. तिसरीचे तुकडे झाले. त्यानं पाणी मारून बघितलं, पातळ पोलादी पट्टी खालून घालून बघितली. माल सुटत नव्हता, फरशी फुटत होती. दुपारपर्यंत त्याच्याजवळ तुकड्यांचा ढीग झाला आणि हाताला रक्त आलं.

मुकादम येऊन उभा राहिला. "तिकडे लॉजच्या भिंती एका धक्क्यात पडल्या, आणि ही हलत नाही. बसवली कुणी?"

"मी."

"मग भोगा."

दुसऱ्या दिवशी मेव्हणा काठी टेकत आला. बहिणीनं पाठवलं होतं. बादली उपडी घालून तो तिच्यावर बसला.

"दाजी, फोडताय का काढताय?"

"तू गप बस."

"बसलोच आहे. उभं राहायला गुडघे कुठं आहेत?" त्यानं ढिगाकडे बघितलं. "तेव्हाच सांगत होतो, इतका जीव काढू नका म्हणून."

"काढायची म्हणून बसवतो का कुणी फरशी?"

मेव्हणा उठला आणि व्हरांड्यात गेला. काठीचं टोक आपटलं. टक्. त्यानं सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला आणि डब्याचं झाकण उघडावं तशी फरशी उचलली. अख्खी. उलटी केली तर पाठीला मालाचे पाच गोळे तसेच, त्यांत त्याच्या तरुणपणीच्या बोटांचे ठसे.

तो हसेल असं पाणसळला वाटलं. तो हसला नाही. ठशांवर बोटं ठेवून बघत राहिला. बोटं आता त्यात बसत नव्हती.

"ह्या न्या," तो म्हणाला. "नक्षी तीच आहे. पोरीला काय कळणार?"

"मला कळणार."

"मग राहू द्या. सगळंच जाऊ दे ढिगात."

रस्त्यावर मशीन उतरवल्याचा आवाज आला. पाणसळ थोडा वेळ दालनाकडे तोंड करून बसला. मग उठला आणि व्हरांड्यातल्या फरश्या उचलायला लागला. मेव्हणा सोडवत गेला, हा टेम्पोत रचत गेला. एकही फुटली नाही.

मशीननं दालनाची जमीन उपसली तेव्हा पाणसळ पत्र्यांबाहेर उभा होता. बाकीच्या इमारतींच्या जमिनी भुगा होऊन गेल्या होत्या. ही मोठमोठ्या थाळ्यांसारखी निघाली, फुलांसकट, एकाही फरशीनं शेजारणीला सोडलं नाही. तशीच डंपरमध्ये पडली. मुकादमाला ते दाखवावं असं त्याला वाटलं, पण मुकादम फोनवर बोलत होता.

मुलीच्या पुढच्या खोलीत वाळू, सिमेंट, पाण्याचं पिंप सगळं तयार होतं. मेव्हणा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला. पाणसळनं दोरी ताणली, माल कालवला. थापीनं एका कोपऱ्यात गोळा ठेवला. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कोपऱ्यात. मधे एक. वर फरशी ठेवली आणि हातानं दाबली.

मेव्हणा उठून उभा राहिला. "दाजी, हे काय?"

"बसवतोय."

"अहो, भिजवली नाही. खालून भरा की! तुम्हाला शोभतं का हे?"

"तुझी निघाली. माझी नाही निघाली."

"माझी निघाली कारण मी कष्ट चोरले होते. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

"आणि हे घर कोण पाडायला येतंय?"

"तारघर पाडतील असं कुणाला वाटलं होतं?" पाणसळ म्हणाला आणि पुढची फरशी घेतली.

मेव्हणा परत बसला नाही. कोपऱ्यातून माल आणून द्यायला लागला, आणि दर वेळी घमेलं शिगोशीग भरून आणत होता. लागणार नाही एवढा माल. पाणसळ त्यातला पाच गोळ्यांपुरता घ्यायचा आणि बाकीचा तसाच ठेवायचा. वरून मात्र रेघ सरळ होती, सांधा बारीक होता, नळीतला बुडबुडा मधोमध होता. तेवढं त्याला बिघडवता आलं नाही.

काही दिवसांनी मुलीनं पुढची खोली धुतली आणि अनवाणी चालून बघितली. "बाबा, तारघरात उभी असल्यासारखं वाटतंय!" तिची आई भिंतीशी वाकून एका फुलावरून हात फिरवत होती. मुलगी खिडकीपाशी गेली आणि थांबली. पाय उचलून परत ठेवला.

"ही वाजतेय का?"

मेव्हणा घाईनं म्हणाला, "नवी आहे ना, बसेल हळूहळू."

"नाही बसायची," पाणसळ म्हणाला.

त्यानं अवजारं धुवायला घेतली. थापी धुतली, घमेलं धुतलं, दोरी गुंडाळली. पिशवीतून ठोकणी काढली आणि हातात धरून बसला. ती कोरडीच होती. ह्या कामाला ती लागलीच नव्हती.