शांताताईचा एक शनिवार

शांताताई मेश्राम ब्रिस्बेनजवळच्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी सकाळी ती आपल्या जुन्या कोरोलाला शिकाऊंची पिवळी एल-प्लेट लावते आणि गावातल्या बायकांना गाडी शिकवते. इथे बस नावालाच. ज्या बाईला गाडी येत नाही ती नवरा नेईल तिथे जाते, नेईल तेव्हाच जाते. या शिकवण्याला कुणी चळवळ म्हणत नाही. माइक धरणारे तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे विनिता शिकत होती. नवरा पंधरा-पंधरा दिवस खाणीवर, गाडीही त्याच्याबरोबर. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन देखभाल करायचं काम तिला मिळत होतं. अट एकच: सोमवारी लायसन्स दाखव. टेस्ट शनिवारी. टेस्टला गाडी आपली आपण न्यायची, शेजारी लायसन्सवालं माणूस बसवून. म्हणजे शांताताई.

नेमक्या त्याच शनिवारी ब्रिस्बेनला एका समितीपुढे जातिभेदाच्या साक्षी होत्या. आमच्या संघटनेचा सुजित साक्ष द्यायला माणसं जमवत होता. शांताताई या देशात नवी होती तेव्हा क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात एका मराठी घरात खोली घेऊन राहिली. आडनाव कळलं आणि तिची ताटली वेगळी ठेवली गेली, तीही हसतमुखाने. हे ती सांगते तेव्हा ऐकणारे खाली बघतात. सुजितला ती हवीच होती.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो तिच्या किचनमध्ये उभा राहून ओरडला. "एका बाईचं लायसन्स कुठे आणि लाखो लोकांचा प्रश्न कुठे!"

"मोठा कुठला ते मला नको शिकवू. ताटली माझी काढली होती, तुझी नाही."

"मग चल ना!"

"तिथे मी नसले तर आणखी दहा जण बोलतील. इथे मी नसले तर ही घरात बसेल."

"आणि त्या दहांनीही असंच म्हटलं तर?"

हा प्रश्न खरा होता. तिने चहा गाळला. "लेखी देते," म्हणाली.

"कागद कोण वाचतंय गं!" चहा न घेताच तो गेला.

अशा वेळी काही शहाणे तराजू काढतात. प्रश्न केवढा आणि आपल्याने हलेल किती, करा गुणाकार. माझं डोकं फिरतं, कारण पहिला आकडा दुसऱ्याच्या दुखण्याचा असतो आणि दुसरा आपल्या सोयीचा. पण खरं सांगायचं तर शांताताईनेही तेच केलं होतं. फक्त दुखणंही तिचंच होतं. हलेल ते आधी, एवढाच तिचा हिशोब.

ते हललं नाही. विनिता गोल चौकाशी थांबली ती थांबलीच, येईल त्या गाडीला वाट देत. मागे रांग लागली, हॉर्न वाजले. नापास. सोमवारचं काम दुसरीला गेलं. तिकडे समितीला वेळ कमी पडला. मोजक्या लोकांचं ऐकून बाकीच्यांचं लेखी घेतलं. शांताताईचा नंबर लागला असता, असं सुजित अजून म्हणतो. लागलाही असता. कुणी पाहिलंय?

पुढच्या रविवारी विनिता आली, पण गाडीत बसेना. दार धरून उभी.

"माझं तर गेलंच ताई, माझ्यापायी तुमचं तिकडचंही गेलं."

"तिकडचं अजून शंभर वर्षं कुठे जात नाही," शांताताई म्हणाली. "बस. सीटबेल्ट लाव."