पोरीचं पहिलं वजन

अंगणवाडीत बावीस वर्षं काढली, पण या फोननं जेवढा जीव खाल्ला तेवढा चाळीस पोरांनी मिळूनही खाल्ला नाही. एक ॲप अंगवळणी पडतंय न पडतंय तोच ते बदलतं. काल जिथं बटण होतं तिथं आज भलतंच काही असतं. त्यात वरून प्रशिक्षण! म्हणजे फोनवरचे व्हिडिओ. फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा, आवाज बंद करायचा आणि भाकऱ्या थापायला बसायचं. व्हिडिओ आपला आपण संपतो. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं आम्हा पालम तालुक्यातल्या सेविकांच्या ग्रुपवर आधीच आलेली असतात. मला दर वेळी पैकीच्या पैकी. सगळ्याच तसं करायच्या, त्यामुळं त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. पूर्वी मी रजिस्टरात त्या पोरांच्या नावापुढं पेन्सिलीनं 'तोडीला' असं लिहायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास ती परतली की खोडून टाकायचे. वरून हुकूम आला, रजिस्टर बंद. मग फोनवरही मी तेच करायला गेले. 'नाव काढा' असं बटण दिसलं, ते दाबलं. म्हटलं, आली की परत घालू.

परत आलेल्यांत एक तीन वर्षांची पोरगी होती. जाताना चांगली गुटगुटीत होती. आली ती नुसती हाडं घेऊन. काट्यावर उभी केली, आकडा दोनदा वाचला. जाताना किती भरली होती ते बघायला फोन उघडला. नाव परत घातलं होतं, पण मागचं सगळं पुसून गेलेलं. तिथं लिहिलं होतं, पहिलं वजन. रंगही पिवळा, म्हणजे नुसतं लक्ष ठेवा.

मी पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला.

"अहो ताई, बाहेरगावी गेलेल्यांसाठी वेगळं बटण आहे. व्हिडिओत सांगितलंय की! तुम्हाला तर पूर्ण मार्क आहेत."

मला त्यांचा राग आला, रोज बटणं हलवणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. दुपारी तो व्हिडिओ आवाज चालू करून पाहिला. चार मिनिटांचा होता.

दुसऱ्या दिवशी पोरीला आणि तिच्या आईला घेऊन एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचं वजन किती होतं?"

आई म्हणाली, "दर म्हैन्याला केलं व्हतं की सायेब. आमच्या बाईच करत्यात. लय चांगलं भरायचं."

डॉक्टरांनी माझा फोन मागून घेतला आणि पाहिला. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "इथं तर पहिलंच वजन दिसतंय. पोरीला कधी अंगणवाडीत नेलं नाही, आणि वर खोटं बोलता?"

ती गोंधळली. माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, तुमी सांगा की."

मी पोरीचा फ्रॉक सारखा करत राहिले.