आमोसची उंबरं

मंगळवारी सकाळी वसंत गेले. पुढच्या रविवारी श्रीरामपूरजवळच्या एका गावात आमोसची वाचन-चाचणी ठरली होती. ती मी पुढे ढकलली नाही.

आम्ही नवराबायको बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करायचो. ते हिब्रूवरून मसुदा करायचे, मी मराठी तपासायचे. वाचन-चाचणी म्हणजे मसुदा एखाद्या गावच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचायचा आणि मग विचारायचं, काय ऐकलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. आपण समजावून सांगायचं नाही. हे न बोलणं वसंतना फार जड जायचं. मी बाकाखालून त्यांच्या पायावर पाय द्यायचे.

आमोस हा संदेष्टा, देवाचा निरोप लोकांना सांगणारा. सातव्या अध्यायात राजाच्या देवळातला याजक त्याला हाकलतो. आपल्या देशात जा, तिथे भविष्य सांगून पोट भर, म्हणतो. आमोस उत्तर देतो की संदेष्टेपण हा माझा धंदा नाही, मी गुरं राखतो. आणि आणखी एक काम करतो. त्या कामाला हिब्रूत ‘बोलेस’ हा शब्द आहे. उंबराच्या जातीच्या एका झाडाशी त्याचा संबंध आहे, एवढं नक्की. पण बायबलमध्ये तो दुसरीकडे कुठेच येत नाही, म्हणून ताडून पाहायला काही नाही. जुन्या ग्रीक भाषांतराने ‘टोचणारा’ असा अर्थ घेतला. तिकडे ही फळं झाडावरच चिरत, म्हणजे लवकर पिकत. काही अभ्यासक म्हणतात, नुसती गोळा करणारा.

वसंतनी ‘उंबरं टोचणारा’ लिहिलं होतं. पुण्याचे आमचे सल्लागार शांतवन सर ‘उंबरांची निगा राखणारा’ म्हणत. फोनवर वाद चालायचा आणि चहा गार व्हायचा. एकदा वसंत राहुरीच्या रस्त्यावरच्या एका उंबरावर ब्लेड घेऊन चढले, या वयात, आणि फळांना चिरा देऊन आले. आपल्या उंबराला असल्या मदतीची गरज नसते. आठवड्याने पाहिलं तर आत नेहमीचेच किडे. शर्टावरचा चीक मात्र निघाला नाही. आमोसचे शर्ट कोण धूत असे, असं मी विचारलं, तर किती वेळ हसत बसले होते.

ते गेल्यावर शांतवन सरांचा फोन आला. आधी प्रार्थना केली. मग चाचरत म्हणाले, दोन्ही वाचा, लोकांना समजेल ते छापू. मला वसंतचा शब्द राहायला हवा होता. त्यांनी पुरं केलेलं ते शेवटचं पुस्तक होतं.

रविवारी उपासनेनंतर मी आधी ‘निगा राखणारा’ वाचलं. साखर कारखान्यात काम करणारे बापू लगेच म्हणाले, “म्हंजी पुजारी व्हता त्यो. आमच्याकडं दत्ताच्या पारावर हाय की एक. औदुंबराला पानी घालतो, पार झाडतो.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी देवळाच्या भाकरीवर जगणारा नाही, हे आमोस सांगतोय, आणि आमच्या वाक्याने त्यालाच देवळात नेऊन बसवलं होतं. तो शब्द बाद झाला.

मग वसंतचं वाक्य वाचलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी पुढच्या बाकावरच्या सुमनमावशी म्हणाल्या, “उंबरं टोचतो? कावळा हाय का त्यो?”

सगळे हसले. मावशींनी पदर सावरला. “बाई, वसंत सरांनी लिव्हलंय का ते? ऱ्हाऊ द्या मग. सरांचं चुकायचं न्हाई.”

मला ते राहू देता आलं असतं. मंडळींनी मान्यच केलं होतं.

“पण मावशी, तो काय काम करायचा ते समजलं का?”

त्यांनी मान हलवली. “न्हाई,” म्हणाल्या.

मी वसंतच्या शब्दावर रेघ मारली. तिथेच बसून नवीन वाक्य लिहिलं आणि वाचलं: उंबरांना चिरा देऊन ती पिकवणारा.

“हां,” बापू म्हणाले. “हातावर पोट असलेला मानूस. मग याजकाला कशाला भील त्यो?”

दुसऱ्या दिवशी शांतवन सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “ताई, वसंतला चाललं असतं का हे?”

“नसतं. दोन दिवस भांडले असते.”

“आणि तिसऱ्या दिवशी?”

मी नवीन वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवलं. त्यांनी वाक्य मंजूर केलं. तळटिपेत लिहिलं की या शब्दाचा अर्थ निश्चित नाही.

कोशातला अर्थ कितीही बरोबर असो, बाकावरच्या माणसाला तो परत सांगता आला नाही तर भाषांतर झालेलं नसतं.

आमोस छापून आलं आहे. त्यानंतर ओबद्या येतो, एकाच अध्यायाचं पुस्तक. त्याचा मसुदा निम्मा झालेला आहे. हिब्रू वाचणारं आता घरात कोणी नाही.