अर्धशिशीला वेडाची सुई

कुणीतरी सगळीकडे सांगत सुटलंय, की जळगावच्या एका कॅज्युअल्टीत डोकं दुखतं म्हणून गेलं तर वेड्यांचं इंजेक्शन देतात. त्याचं नाव घेत नाही, कारण मला ठाऊकच नाही. पण ज्याने कुणी सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं, आणि अर्धं सांगणारा माणूस मला अर्धशिशीपेक्षा जास्त छळतो. म्हणून पूर्ण मीच सांगतो.

हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. ड्यूटीचा कोट धुवायला टाकताना खिशात पेनाचं टोपण, कापसाचा बोळा, कुणाचा तरी एक्स-रेचा कागद निघतो, तसे ते निघतात. माझ्या खिशातून निघालेले बहुतेक माझ्याच गाढवपणाचे आहेत, त्याला काय करणार!

आधी औषधाबद्दल. मनोविकारावरची काही जुनी औषधं अशी आहेत, की त्यांनी गुंगी येते, उलटी थांबते आणि अर्धशिशीचा जोरदार झटकाही उतरतो. हा शोध माझा नाही, पुस्तकात आहे. पण धुळ्याहून एमबीबीएस होऊन इथे लागलो तेव्हा ते पुस्तक मीच लिहिल्यासारखा वावरत होतो. इथे डोकेदुखीला वर्षानुवर्षं पेनकिलरचं एकच इंजेक्शन ठरलेलं. मी एक आर्टिकल घेऊन आमच्या मोठ्या सरांच्या महिनाभर मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, "दे बाबा! पण ते आर्टिकल मला परत वाचून दाखवू नकोस!"

*

पहिला पेशंट, पारोळ्याचे एक गुरुजी. डोळ्यांवर उपरणं बांधून आले होते.

माझं तेव्हा एक व्रत होतं (अजूनही आहे, पण उपास थोडे कमी केलेत) : पेशंटला सगळं खरं सांगायचं. आमच्या इनचार्ज सिस्टर लता अक्का प्रत्येकाला फक्त एवढंच सांगायच्या, "उलटीचं इंजेक्शन आहे, गप पडून राहा." मला ती फसवणूक वाटायची. मी स्टूल ओढलं, गुरुजींपाशी बसलो आणि स्किझोफ्रेनियापासून सुरुवात केली.

चौथ्या मिनिटाला गुरुजी उठले. उपरणं सोडलं, चपला शोधल्या.

"गुरुजी, इंजेक्शन?" मी विचारलं.

"नको. दुखतंय तेवढंच पुरे. तुम्ही बोलायला लागल्यापासून दुसऱ्या बाजूनेही सुरू झालंय!"

*

दुसरा पेशंट, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. यावेळी मी भाषण आवरलं आणि चूक हाताने केली. हे औषध सलाइनमधून सावकाश, पंधरा-वीस मिनिटं घेऊन द्यायचं असतं. माझ्याकडे कुठे तेवढा वेळ! मला जग बदलायचं होतं. मी सिरिंज घेतली आणि दहा सेकंदांत रिकामी केली.

डोकं दुखायचं थांबलं. पोरगा मात्र सुटला! घाईने दिलं की आतून अशी अस्वस्थता येते की माणसाला बसवत नाही. तो खाटेभोवती फिरला, मग वॉर्डभर फिरला, मग कॉरिडॉरमध्ये. उतारा दिला तरी तो लागू होईपर्यंत थांबणं आलंच. त्याची आई सलाइनचा स्टँड ढकलत मागे, आणि तिच्या मागे मी.

कितव्या तरी फेरीला त्या माउली म्हणाल्या, "डॉक्टर, आधी निदान एका जागी कण्हत होता हो!"

अक्का टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, "चालू द्या. सरांचा गुण लागलाय त्याला."

*

मग आला मुक्ताईनगरकडून केळीचा ट्रक घेऊन निघालेला ड्रायव्हर. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी. यावेळी सगळं नीट केलं. पेशंट अंधाऱ्या कोपऱ्यात, सलाइन सावकाश, अक्कांकडून "हं, आता शिकले" असं प्रमाणपत्रही. ड्रायव्हर घोरायला लागला. मी कृतार्थ.

अर्ध्या तासाने वॉचमन आला. केळीने भरलेला ट्रक बरोबर कॅज्युअल्टीच्या दारात आडवा. अँब्युलन्सला वाट नाही. किल्ली? ड्रायव्हरच्या कमरेखाली.

त्याला हलवलं. एक डोळा उघडला, माझ्याकडे बघून प्रेमाने हसला आणि कूस बदलली. चौघांनी उचलून किल्ली काढली तेव्हा कळलं, की ट्रक चालवता येणारा माणूस आमच्यात एकही नाही. त्या दुपारी सगळे पेशंट स्वयंपाकघराच्या दाराने आत आले.

मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला, कारण आमच्या माणसाला त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावू देणार नव्हतो. संध्याकाळी तो उठला, डोकं चाचपलं, म्हणाला, "भाऊ, अशी झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली. डोकं न दुखता आलो तर द्याल का?"

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असा आहे : गाडी कुठे लावली?

*

आता वैशालीताई. धरणगावच्या. इथे हसू थोडं बाजूला ठेवा.

तीन दिवस डोकं धरून, पोटात पाण्याचा थेंब ठरत नाही, उजेड दिसला की तोंडावर पदर. नवऱ्याने जवळजवळ उचलूनच आणलं. मी औषध दिलं, दोन तास झोपल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "चहा मिळेल का?" तीन दिवसांनी काहीतरी मागितलं म्हणून नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर वाटलं, याचसाठी डॉक्टर झालो!

त्या आनंदात मी माझं तिसरं खूळ बाहेर काढलं. डिस्चार्ज कार्ड मराठीत, सुवाच्य अक्षरात. लोकांना आपल्या उपचाराचं कळायला हवं! मी लिहिलं : "मनोविकारावरील औषध देण्यात आले. उत्तम गुण." खाली रेघसुद्धा मारली.

अक्कांनी कार्ड वाचलं. "सर, उलटीचं म्हणून लिहा. तेही खरंच आहे."

"अक्का, अर्धं सत्य मी लिहीत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी खरंच बोललो. आज आठवलं तरी कान गरम होतात.

*

पंधरा दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माझं कार्ड. वैशालीताईंचे वडील.

"डॉक्टरसाहेब, एक विचारतो. मनी पोर येडी शे का?"

"नाही हो आबा! कोण म्हणतं?"

त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. "तुम्हीच लिखेल शे ना."

घरी कार्ड सासूबाईंनी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं होतं. मनोविकार. लग्नात लपवलं म्हणून त्यांनी सुनेला माहेरी, पारोळ्याला पाठवलं होतं. लहान मुलगा सासरीच ठेवून घेतला. ताई रोज त्याच्याशी फोनवर बोलायच्या, आणि सासूबाई मध्येच फोन काढून घ्यायच्या. वेडी बाई पोराला काय शिकवेल, सांगता येत नाही.

मी कार्ड पुन्हा वाचलं. किती सुंदर अक्षर होतं माझं!

*

त्या रात्री मी सासूबाईंसाठी तीन पानांचं पत्र लिहिलं. मेंदूतली रसायनं, एक औषध अनेक आजारांवर कसं चालतं, शेवटी स्त्रीच्या सन्मानावर एक परिच्छेद. अक्कांनी ते वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"सर, हे ऐकून बाई स्वतः माहेरी जाईल. त्यांना इथे बोलवा."

अक्कांनीच निरोप धाडला. सासूबाई दुपारच्या एसटीने आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, तोंडावर 'मला काही सांगू नका'. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पान एक वाचायला घेतलं. सासूबाई मध्ये मध्ये मोठ्याने बोलत होत्या, मी त्याहून मोठ्याने वाचत होतो.

पान दोनच्या मध्यावर माझ्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकायला लागल्या. मग सासूबाईंचा अर्धा चेहरा दिसेनासा झाला. आवाज मात्र पूर्ण येत होता.

होय, मलाही अर्धशिशी आहे. पुस्तकातलं ते प्रकरण मी इतकं पाठ का केलं असेल, असं वाटलं तुम्हाला?

मी बादली मागितली. नंतरचं थोडंच आठवतं. अक्कांनी फोनवरून मोठ्या सरांना विचारलं, माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, मला अंधाऱ्या खाटेवर ढकललं आणि बाटली सासूबाईंच्या नाकासमोर धरली.

"हे बघा. तुमच्या सुनेला दिलं तेच. वाचता येत नसेल तर रंग बघून ठेवा."

"डॉक्टरलेच?"

"डॉक्टरलाच."

सासूबाईंनी स्टूल खाटेजवळ ओढलं आणि निरीक्षणाला बसल्या. अक्का म्हणतात, दीड तास हलल्या नाहीत. पाण्यालासुद्धा उठल्या नाहीत.

मी जागा झालो. डोकं शांत, तोंड कोरडं, जग स्वच्छ. समोर सासूबाई पूर्ण चेहऱ्याने बसलेल्या. मी उशाशी चाचपलं, कागद सापडले.

"तर," मी म्हणालो, "पान दोनच्या मध्यावर होतो आपण."

सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. मग कमरेचा मोबाइल काढला आणि मुलाला फोन लावला.

"पारोळाले जाय अन सूनले लई ये. हा, आजच. नही रे, हाई येडनी सुई नहीच शे! मन्हा समोर डॉक्टरले दिधी, काहीच फरक नही पडना!"