धोतरांचा कागद

आईला न फाटणारा कागद हवा होता. वडील जाऊन वर्ष झालं होतं. एका सकाळी पोहे खाताना ती म्हणाली, "मला लिहायचंय. पण दुकानातल्या वहीत नाही."

त्याला कारण होतं. मी सातवीत असताना तिने एका वहीत घरातलं सगळं लिहून ठेवलं होतं. कुठल्या दिवशी काय बिनसलं, कशाने मारलं, सगळं. ती वही वडिलांना सापडली. त्यांनी ती दोन्ही हातांनी मधोमध फाडली, मग तुकड्यांचे तुकडे केले, आणि उरलेल्या रागात आईला केसांना धरून जिन्यापर्यंत फरफटत नेलं. मी तेव्हा अभ्यास करत होतो. म्हणजे पुस्तक उघडं होतं आणि मी पानं उलटत होतो. माझ्या शौर्याची सुरुवात ही अशी.

तेव्हा आता तरी काही करावं म्हणून मी सांगून टाकलं, की सुती चिंध्यांचा कागद घरी करता येतो आणि तो पिढ्यानपिढ्या टिकतो.

"चिंध्या कशाला शोधतोस," आई म्हणाली. "त्यांचे कपडे आहेत की."

वडील इथे, कानडी मुलखात, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. कपाटात त्यांचे कामावरचे शर्ट होते आणि पूजेची धोतरं होती. मी आधी शर्ट घेतले. बोटभर तुकडे केले, धुण्याच्या सोड्यात दोन तास उकळले आणि मिक्सरमध्ये घातले. दोरे पात्यांना गुंडाळले गेले, मोटार कण्हली आणि धूर आला.

"दहा वर्षं चटण्या वाटल्या त्याने," बायको म्हणाली. "कधी तक्रार नव्हती."

मग मी चिकपेटच्या बाजारातून कपडे बडवायचं जाड लाकडी धोपटणं आणलं आणि मागच्या बाल्कनीत दगडावर शर्ट कुटायला बसलो. तीन दिवस कुटलं. हाताला फोड आले, ते फुटले. शर्ट तसेच. चौथ्या दिवशी बायकोने एक कॉलर उचलून आतली पट्टी वाचली. अर्धं पॉलिएस्टर होतं. त्याचा लगदा होत नसतो. मीही इंजिनिअर आहे, हे इथे सांगायला नको होतं.

"गेल्यावरसुद्धा ऐकत नाहीत," आई म्हणाली आणि धोतरं आणून टाकली.

धोतरं मात्र फुटू लागली. घाव बसला की पांढरं पाणी उडायचं, धागा धाग्यापासून सुटायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक घावाबरोबर बोलतोय. "घे. अजून घे." बायकोने बाल्कनीचं दार लोटून घेतलं. आई मात्र आतून स्टूल घेऊन आली आणि समोर बसून बघत राहिली. मी दमलो की म्हणायची, "एवढ्यात?"

खालच्या मजल्यावरची कानडी बाई वर आली. "सर, स्वल्प हळू," ती मला म्हणाली, आणि मग आईला हिंदीत विचारलं, की अक्का, एवढं कोणाला मारताय.

"आमच्या ह्यांना," आई म्हणाली. "जरा उशीरच झाला."

बाई हसायचं की नाही ते न ठरवता खाली गेली.

पेजेसारखा लगदा झाला. तो टबातल्या पाण्यात कालवला, चौकटीला ठोकलेली बारीक जाळी त्यात बुडवून वर काढली आणि तिच्यावर आलेला थर जुन्या चादरीवर उलटा केला. वर फळी ठेवली आणि फळीवर मी बसलो. या एका कामाला माझ्याइतका लायक माणूस सबंध जे. पी. नगरात नसेल. वाळल्यावर शाई फुटू नये म्हणून तांदळाची खळ लावली.

पहिला कागद मी आईला दिला. तिने तो परत माझ्याच हातात ठेवला.

"फाड."

मी कोपरा धरून हळूच ओढला.

"लाडात येऊ नकोस. ते फाडायचे तसं."

मी तो मधोमध दोन्ही मुठींत धरला आणि पिळला. कागद करकरला. मी दात आवळून आणखी जोर लावला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो फाडायचाच होता.

"अहो, बास," बायको म्हणाली.

कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या, पण चीर कुठेच नव्हती. आई दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली होती. ती कागदाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग पुढे आली, माझ्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि कागद तळव्याने सपाट केला.

"सरी, चालेल," ती म्हणाली. "असे चाळीस कर."

"चाळीस?"

"कमीच सांगतेय."