आरशातला तारा आणि डॉमनिक अंकल

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं, माझ्या कागदावरचे आकडे पाहिले आणि विचारलं, "यांच्याकडून प्रॅक्टिस कधीपासून करून घेतेयस?"

साठचं दशक संपत आलं होतं. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. या विषयालाही प्रॅक्टिकल असतं हे घरी कुणाला पटत नसे. आमच्या प्रॅक्टिकलला बेडूक नसायचा, माणूस असायचा. त्याला 'सब्जेक्ट' म्हणायचं, आणि ज्याचा त्याने आणायचा. अट एकच, त्याने तो प्रयोग आधी केलेला नसावा.

माझी मावसबहीण ऐन परीक्षेच्या सकाळी तापाने फणफणली. म्हणून वाकोल्यातले आमचे शेजारी डॉमनिक अंकल आले. रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचा समज होता की इथे डोकं तपासतात. काय निघालं ते लिहून आणा, असं बायकोने बजावलं होतं.

प्रयोग सोपा दिसतो. कागदावर एक तारा छापलेला असतो. त्याच्यावर पत्र्याचा आडोसा, त्यामुळे तारा आणि आपला हात दिसतो तो फक्त समोरच्या आरशात. तिथे बघत तारा गिरवायचा. पेन्सिल वर न्यायला जावं तर खाली येते. पहिल्या खेपेला भलेभले घामाघूम होतात, मग हळूहळू जमायला लागतं. हे हळूहळू जमणं म्हणजे शिकणं. त्याचा आलेख काढून दाखवायचा.

अंकलनी पहिल्याच खेपेला तारा सरळ गिरवला. दुसऱ्या खेपेलाही तसाच, पाचव्यालाही तसाच. माझा आलेख जमिनीसारखा सपाट.

मी परोपरीने सांगितलं की यांनी हे यंत्र आज पहिल्यांदा पाहिलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि वहीत इंग्रजीत काहीतरी लिहिलं. प्रॅक्टिकल गेलं म्हणजे वर्ष गेलं, आणि बाबा माझ्यासाठी टायपिंगच्या क्लासचा फॉर्म आणूनच बसले होते.

टेबलापलीकडून अंकल शांतपणे म्हणाले, "सर, मला कोणी शिकवला नाय. शिकवून आणलंय असं लिहिलंत, ते खोडा."

परीक्षकांनी वही छातीशी धरली. "तुम्हाला तिकडून कसं वाचता आलं?"

"छापखान्यात कंपॉझिटर हाय मी. बावीस वर्षं उलटंच वाचतो."

मग त्यांनी समजावलं. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे सुटे ठसे, जुळवताना अक्षरं उलटी धरूनच ओळ वाचावी लागते, चूक तिथेच पकडायची असते. परीक्षकांनी एक पुस्तक उलटं करून पुढे धरलं. अंकलनी पानभर वाचलं आणि वर छपाईची एक चूक दाखवली.

परीक्षक माझ्याकडे वळले. आलेख सपाट का, ते आता सांग म्हणाले. मी म्हटलं, ट्रान्सफर ऑफ ट्रेनिंग. म्हणजे एका कामात मुरलेली सवय दुसऱ्या कामाला आयती मिळणं.

"बरोबर. मग व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंयस?"

मी 'नोकरी' लिहिलं होतं. सात वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होतो, पण अंकल करतात काय हे मी कधी विचारलं नव्हतं.

परीक्षकांनी शेरा खोडला, रकान्याचे मार्क कापले आणि मला पास केलं. अंकलनी डोक्याचा निकाल मागितला तेव्हा 'उत्तम' असं चिठ्ठीवर लिहून सहीही दिली.

पुढे मी हाच विषय तीस वर्षं शिकवला. यंत्र मांडण्याआधी समोरचा माणूस दिवसभर काय करतो ते विचारा, हे दर वर्षी पहिल्याच तासाला सांगितलं. तरी दर वर्षी दोन-तीन कागदांवर 'नोकरी' यायचंच.