हिला कोण भरवील?

आमच्या आत्याबाई माणसाची विचारपूस करायच्या आधी कोंबडीचा गळा चाचपायच्या. सकाळी उठल्या की चूळही न भरता थेट गॅलरीत. खोक्यातलं पिल्लू उचलायचं, गळ्याखालच्या पिशवीवर बोट ठेवायचं. ती रिकामी लागली की, "जिरलं बाई रातचं!" आणि मगच चहा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उभा जन्म मेंढरांमागं काढलेली बाई. सासरे गेल्यावर यांनी त्यांना दौलताबादकडच्या गावाहून पुंडलिकनगरला आणलं, तिसऱ्या मजल्यावर. येताना लुगड्यांच्या पिशवीत हे पिल्लू! चोचीचा वरचा भाग उजवीकडे, खालचा डावीकडे. त्याला दाणाच टिपता येत नव्हता. "मागं राहिलेलं कोकरू आमी झोळीत घालून नेतो, टाकत नाय," एवढंच म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

बाजरीची भरड ताकात भिजवायची, धिरड्याच्या पिठाइतकी पातळ. वाटी खोल हवी, म्हणजे तिला चोच बुडवून उचलता यायचं. त्यात चिमूटभर बारीक वाळू. शेजारच्या बांधकामावरून ती पदरात बांधून आणायच्या.

"आत्याबाई, वाळू खाऊ घालता?"

"मग? तिला दात हायेत व्हय? पोटातलं जातं ह्याच खड्यांवर फिरतं. बाकीच्या उकरून खात्यात, हिला कोण देणार?"

एकदम पोटभर दिलेलं तिला पचायचं नाही. दिवसभर थोडं थोडं, तेही समोर बसून. पिल्लाची कोंबडी झाली तरी तेच. त्यामुळे बाई पुरत्या अडकल्या. गावाची तर अशी ओढ, की चिकलठाण्याहून विमान उडालं तरी म्हणायच्या, "बघ, ते बी सुटलं." जत्रेला न्यायला धाकटे दीर आले. आत्याबाईंनी पिशवी भरली आणि परत रिकामी केली. "हिला कोण भरवील?" म्हणत माझ्याकडं बघायच्या. मी मान फिरवायचे. शिकले की अडकले, एवढं मलाही कळत होतं!

एकदा दुपारी खालच्या रस्त्यानं मेंढरं चालली होती. आत्याबाईंनी गॅलरीच्या गजांना धरून जोरात "हुर्रर्र" केलं. मेंढपाळानं मागं बघितलं, पुढं बघितलं. वर काही बघितलं नाही. कळप वळणावरून गेला, तरी आत्याबाईंचे हात गजांवरच. मी वाटी ओढली आणि म्हटलं, "दाखवा कसं भरवायचं ते. आणि जा एकदाच्या!"

"वरनं ओतू नको, ठसका लागून मरंल. आधीचं उतरू दे. घाई नाय करायची," हे मला दहादा ऐकवून त्या गेल्या. रोज फोन. आधी कोंबडीच्या गळ्याची पिशवी, मग नातवंडं, शेवटी मी. "लई बरं वाटतंय गं हितं," म्हणायच्या. परत काही आल्या नाहीत. हिवाळ्यात अंगणात ऊन खात बसल्या होत्या, तिथंच गेल्या.

दहाव्याला कोंबडीही पिशवीत घालून न्यावी लागली, काय करता! पिंडाला कावळा शिवेना. दिरांनी शब्द दिला, "आई, मेंढरं इकणार नाय." यांनी घर पडू देणार नाही म्हणून सांगितलं. कावळा फांदीवर ढिम्म. ऊन चढलं, बायका कुजबुजायला लागल्या. माझ्या मांडीवर पिशवीतली कोंबडी चुळबुळत होती. तिची खायची वेळ टळून गेली होती. मला रडू आवरेना, आणि रागही आला. मी उठून म्हटलं, "भरवीन आत्याबाई, हिला मीच भरवीन! जावा आता!"

कावळा उतरला, पिंडाला शिवला. आत्याबाई सुटल्या. मी तिथंच खाली बसून भरड कालवायला घेतली.